तिकडची शनिवार संध्याकाळ

आपल्याकडे रविवारची सकाळ उजाडते, तेव्हा अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ असते. शेगाव, खामगाव, चिखली, मेहकरच्या कितीतरी घरांतले मुलगा-सून काही वर्षांच्या कामासाठी तिकडे आहेत. एकाला नोकरीचा व्हिसा, दुसऱ्याला जोडीदाराचा, म्हणजे एच-४. २०१५ पर्यंत त्यावर नोकरी करताच येत नव्हती, आजही ती मुभा काहींनाच आहे. मग एकाचा दिवस कामात जातो आणि दुसऱ्याचा, बहुतेक वेळा तिचा, रिकामा उरतो. दिवसभराचं साठलेलं बोलणं संध्याकाळी एकाच माणसापुढे येतं. नवरा-बायकोच्या प्रेमावर अख्ख्या गल्लीचा भार टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

सोबतीला परदेशात मराठी मंडळं आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं. पण मंडळाचा गणपती वर्षातून एकदाच येतो. त्यापेक्षा शेगावच्या गजानन महाराजांच्या ‘गजानन विजय’ पोथीचे २१ अध्याय २१ जणांत वाटून वाचणं मला मोलाचं वाटतं. एक अध्याय वाचायचा आणि नंतर पिठलं-भाकरीला सगळ्यांनी एकत्र बसायचं. तिथं ती कुणाची बायको म्हणून नाही, वाचणारी म्हणून येते.

आज फोन आला, तर सुनेशी वेगळं बोला. जेवणाचं राहू द्या. तिथे मैत्रीण झाली का, ते विचारा.