मेडिक्लेमसाठी चाकरी

आजारपणाच्या धास्तीने नोकरी धरणे मालवणी मुलुखाला नवे नाही. धामापूर, काळसे, चौके या गावांतला मुलगा मुंबईला गिरणीत चिकटला की घरी नुसती मनीऑर्डर येत नसे. परळ-लालबागच्या खोलीत एका पथारीपुरती जागा मिळे आणि ती गावातल्या आजाऱ्याच्याही कामी येई. 1926 मध्ये सुरू झालेले केईएम आणि 1941 मध्ये सुरू झालेले टाटा, दोन्ही रुग्णालये गिरणगावातच. पोटातल्या दुखण्याचे निदान होत नाही म्हटल्यावर माणूस आगबोटीने, पुढे एसटीने मुंबईला निघे, गावकऱ्यांच्या खोलीवर उतरे. रात्रपाळी करून आलेला पुतण्या न झोपता त्याला केईएमच्या केसपेपरच्या रांगेत उभा करी, खाणावळवाली बाई पेज पाठवी. गिरणीच्या करारात यातले काहीच लिहिलेले नव्हते, पण गावाच्या हिशेबात त्या नोकरीची अर्धी किंमत हीच होती.

लेखी आला तो कामगार विमा. कायदा 1948चा. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी कापायची, मालकाने जास्त घालायची, आणि घरच्यांसकट उपचार. आज कामगाराचा वाटा पगाराच्या 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के, पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तरच लागू. या योजनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी तरतूद औषधांची नाही. आजारपणात काम बंद पडले तर वर्षातले 91 दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, ती. माणूस आजारी पडतो तेव्हाच त्याची कमाई थांबते, हे तो कायदा करणाऱ्यांना नीट कळले होते. कापसाच्या धुळीने छाती भरण्याचा गिरणीतला आजारही कायद्याने व्यवसायजन्य आजार मानला.

पण सगळे टांगलेले होते नोकरीच्या खुंटीला. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या अनेकांना परत जायला गिरणीच उरली नाही. पगार थांबला की वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की काही काळाने हक्कही संपतो. कित्येक जण गावी परतले ते खोकला घेऊन, विम्याच्या कार्डाशिवाय.

आजारपणासाठी नोकरी धरण्याची तीच निवड आता वेगळ्या कपड्यांत समोर येते. धामापुरातल्या ओळखीच्या एका घरात मुलीला पुण्याच्या कंपनीची ऑफर आली आहे. ती कुडाळला एका आर्किटेक्टकडे घरांचे आराखडे काढते. काम मनासारखे आहे, पैसे बेताचे. पुण्याचे काम तिला नकोसे आहे आणि खोलीभाडे वजा केले तर पगारही विशेष वाढत नाही. पण ऑफर लेटरच्या मागच्या पानावर आई-वडिलांसह मेडिक्लेम आहे, जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून. वडिलांना साखर आहे, हृदयात स्टेंट आहे. आईने ते पान उलटून पाहिले आणि विचारले, "बाबांच्या औषधांचे पैशे त्येच्यात गावतले काय?"

नाही गावत. बहुतेक मेडिक्लेम दवाखान्यात दाखल झाल्यावरच जागा होतो. महिन्याच्या गोळ्या, साखरेची तपासणी, कुडाळला जायची रिक्षा, हे सगळे बाहेरच राहते. आईचा दुसरा प्रश्न जास्त टोचणारा होता: "आणि रातचा काय झाला तर त्येंका व्हरतलो कोण?" मालवण-कुडाळ रस्त्याला वाहन असते, नेरूरपारचा पूलही आहे, पण रात्री दोन वाजता गाडी काढून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणारे घरातले माणूस आज ही मुलगीच आहे. कार्ड मिळवायला ती पुण्याला गेली, तर कार्ड उशाशी राहील आणि गाडी चालवणारे माणूस पुण्यात. गिरणगावच्या खोलीत माणूस आणि हॉस्पिटल दोन्ही एका ठिकाणी होते. आजच्या ऑफरमध्ये त्यातले अर्धेच मिळते.

तरीही तिने नोकरी नाकारावी असे मला म्हणवत नाही. स्टेंट बसलेल्या साठीच्या माणसासाठी स्वतंत्र पॉलिसी काढायला गेले की हप्ता डोळे पांढरे करतो. आधीच्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. 2024 पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. गट-विम्यात सहसा ही वाट पाहावी लागत नाही, म्हणजे ही नोकरी तिला पैशाने सहज विकत न मिळणारी गोष्ट देते. आवडीचे काम सोडून अशी नोकरी घेणाऱ्याला कुणी हिशेबी म्हणू नये. बापाच्या छातीत पुन्हा कळ आली तर जमीन गहाण पडू नये, एवढेच तर तिला हवे आहे.

मला चीड येते ती तिच्यावर ही निवड लादली जाते याची. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये पगारवाढीवर बंधने आली, तेव्हा कामगार ओढण्यासाठी मालकांनी आरोग्यविमा देऊ केला. पुढे करसवलतींनी ती सोय पक्की झाली आणि विमा जाईल म्हणून नकोशी नोकरी न सोडणारी माणसे तयार झाली. अर्थतज्ज्ञ त्याला 'जॉब लॉक' म्हणतात. आपण ते कुलूप बघूनही आपल्या दाराला बसवतो आहोत.

सिंधुदुर्गाने दाराबाहेर उभे राहणे अनुभवले आहे. गंभीर रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जायचा. 2018च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले आणि दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. गोव्यावर रागावणे सोपे होते. आपल्याच जिल्ह्यात ती सोय का नाही, हा प्रश्न अवघड होता. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना कागदावर सर्व रेशनकार्डधारकांना पाच लाखांपर्यंत खुली आहे. तिथे नोकरी विचारत नाहीत, म्हणून ती मला कुठल्याही कंपनीच्या मेडिक्लेमपेक्षा मोलाची वाटते. धामापूरचे तळे 1530 मध्ये बांधले गेले. 2020 मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. त्याच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्याला तू कुणाच्या चाकरीत आहेस, असे विचारण्याची रीत नाही. उपचाराचेही तसेच असायला हवे. त्यासाठी ओरोसला हृदयरोगाचा डॉक्टर रात्रीही जागेवर हवा, नुसती पाटी नव्हे.

तोवर त्या मुलीला मी एवढेच सांगितले आहे: आई-वडिलांच्या हप्त्यातला किती भाग तुझ्या पगारातून कापणार, सिंधुदुर्गात आणि गोव्यात कॅशलेस कुठे चालते, हे लेखी माग. नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, तेही आताच विचार. आणि जायचे ठरलेच, तर शेजारच्या रिक्षावाल्याशी रात्रीचे बोलून ठेव, कुडाळच्या आर्किटेक्टला परतण्याबद्दल विचारून ठेव. तिने शेवटची दोन कामे आधी केली.