घाण्याचा बैल आणि सातवा दिवस

आपल्या समाजातली दोन माणसे रस्त्यात भेटली की पूर्वी बोलणे लांबत असे. घरचे कसे आहेत, मुलीचे कुठे जमले का, गावाकडून कुणाचे पत्र आले का, असे विचारता विचारता पिशवीतली मासळी उन्हाने मऊ पडे. आता "काय, बरं आहे ना?" या प्रश्नाला एकच उत्तर येते: "वेळच नाही हो!" आणि हे उत्तर देताना सुरात तक्रार कमी आणि अभिमान जास्त असतो. वेळ नसणे हे आज प्रतिष्ठेचे लक्षण झाले आहे. ज्याला वेळ आहे त्याचे काहीतरी बिनसले असावे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

बेएरशेबा, अश्दोद, लोद किंवा दिमोना इथले आपल्यापैकी कोणतेही घर घ्या. रविवारी आठवडा सुरू होतो. आई-बाबा कामावर, मुले शाळेत, संध्याकाळी थोरल्याचा ज्यूडोचा खुग. सोमवारी धाकटीचा नाच. मंगळवारी युवक चळवळीची सभा. बुधवारी एकाची गणिताची शिकवणी, दुसऱ्याचे पोहणे आणि आईचा मतनासमधला योगासनांचा वर्ग. गुरुवारी बाबांच्या हिंदी गाण्यांच्या मंडळाची तालीम. मधल्या एखाद्या संध्याकाळी कुणाची मेंदी, कुणाचे लग्न, कुणाच्या घरी मलिदा. शुक्रवारी बाजार, स्वयंपाक, झाडलोट. शनिवारी समुद्रावर किंवा किनेरेतला सहल, नाहीतर क्रिकेटचा सामना. ह्यात एकाला मिलुईमचे बोलावणे आले की सगळे वेळापत्रक कोलमडते. फ्रिजच्या दारावर चिकटवलेला तो कागद पाहिला की प्रश्न पडतो: आठवडा आपल्या घराचा आहे, की घर आठवड्याचे?

आधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. ह्या साऱ्या उद्योगांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आपल्या आजे-पणजांना छंद नावाची चीज माहीत नव्हती. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत तेल गाळून पोट भरणाऱ्या माणसाला, किंवा पुढे मुंबईत कारकुनी करून दोन खोल्यांत सात माणसे पोसणाऱ्याला, मुलाला पोहायला नि मुलीला पियानो शिकायला पाठवणे स्वप्नातही सुचले नसते. पन्नास-साठच्या दशकांत इथे येऊन वाळवंटातल्या नव्या वसाहतींत राहिलेल्या आपल्या आई-वडिलांनी कारखान्यांत पाळ्या केल्या, त्या मुलांना आपल्याहून चांगले दिवस दिसावेत म्हणूनच. आज नात व्हायोलिन वाजवते, तेव्हा त्या पाळ्यांचे चीज होते. शिवाय आपले ऋषीतुल्य रब्बीसुद्धा ह्याच्या विरुद्ध नव्हते. मुलाला धर्म शिकवावा, कसब शिकवावे, असे बापाचे कर्तव्य सांगताना तल्मूदाच्या किद्दुशीन भागात काहींचे मत नोंदले आहे की त्याला पोहायलाही शिकवावे. तेव्हा बुधवारच्या पोहण्याच्या वर्गाला शास्त्राधार आहे!

मग अडचण कुठे आहे? अडचण एकेका गोष्टीत नाही, त्यांच्या बेरजेत आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्नाची हकीकत आहे. रानात रोज सकाळी अन्न पडे, ज्याने त्याने आपल्या गरजेपुरते उचलायचे. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी जास्तीचे ठेवले, तर त्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते टिके. तरीही काही जण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर पडलेच, आणि त्यांना काही मिळाले नाही. लक्षात घ्या, दहा आज्ञा अजून मिळायच्या होत्या. सिनायच्या आधीच आपल्या लोकांना हा धडा मिळाला की अन्नासारखी चांगली वस्तूसुद्धा गोळा करण्याला कुठेतरी थांबा हवा. आज आपण टोपली घेऊन बाहेर पडतो ती मुलांसाठी गुण, पदके, प्रशस्तिपत्रे आणि फोनमध्ये साठवायला सहलींचे फोटो गोळा करायला. वस्तू चांगल्याच आहेत. मान्नासुद्धा चांगलाच होता.

शब्बाथची आज्ञा तोरात दोनदा आली आहे, आणि दोन्हीकडे कारण वेगळे आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कारण दिले आहे सृष्टीच्या उत्पत्तीचे: सहा दिवसांत देवाने जग निर्माण केले आणि सातव्या दिवशी तो थांबला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मोशे रब्बेनू तीच आज्ञा पुन्हा सांगतात, पण तिथे कारण आहे मिसरचे: तू दास होतास, हे विसरू नकोस. हा फरक आपण सहसा वाचून सोडून देतो. खरे तर आपल्या आजच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

दास म्हणजे कोण? गरीब असतो तो? कष्ट करतो तो? नव्हे. गरीब माणूस स्वतंत्र असू शकतो आणि कष्ट तर सर्वांनाच आहेत. ज्याच्या वेळेवर त्याची स्वतःची सत्ता नाही, तो दास. फरोच्या विटा पाडणाऱ्याला "आज मी थांबतो" असे म्हणता येत नव्हते, ही त्याची खरी गुलामी. आता आपल्याकडे पाहू. आपल्यावर कुणी मुकादम चाबूक घेऊन उभा नाही. ह्या देशात १९५१ च्या कायद्याने कामगाराला आठवड्यात सलग छत्तीस तासांची सुट्टी दिली आहे, आणि २०१८ पासून कामाचा आठवडा बेचाळीस तासांचा झाला आहे. म्हणजे फरोही नाही आणि विटाही नाहीत. तरी "आज संध्याकाळी आम्ही कुठे जाणार नाही" असे म्हणण्याची आपली छाती होत नाही. मालकाने दिलेली सुट्टी आपणच दुसऱ्या मालकाला देऊन टाकतो. मिसरातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा विटा पाडू लागला आणि त्या विटा त्याने स्वतःच मागवलेल्या असल्या, तर त्याला स्वतंत्र म्हणायचे का? आम्हाला वाटते, निवड आपली असणे एवढ्यावर स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. जे निवडले ते सोडताही येत असेल, तरच माणूस स्वतंत्र.

इथे आपल्या घराण्यांचा जुना धंदा आठवणे भाग आहे. कोकणात शेजाऱ्यांनी आपल्याला 'शनवार तेली' म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे ते आपण. नीट विचार केला तर ही नवलाची गोष्ट आहे. धंदा दोघांचा एकच होता. भाषा, पेहराव, बायकांची काकणे, नारळाच्या रसातले जेवण, ह्यांतही शेजारी आणि आपण बरेच सारखे होतो. प्रार्थनेतले 'शेमा' सोडले तर हिब्रू बहुतेक विसरली गेली होती. नौगावच्या किनाऱ्यावर लागलेल्या सात जोडप्यांची कथा आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो, पण शेजाऱ्यांनी आपल्याला त्या कथेवरून ओळखले नाही. आपण काय करतो ह्यावरून आपल्याला निम्मेच नाव मिळाले. उरलेले निम्मे नाव, जे फक्त आपले होते, ते आपण कधी थांबतो ह्यावरून मिळाले.

आणि त्या दिवशी एकटा तेली थांबत नव्हता. मराठीत राबणाऱ्या माणसाला 'घाण्याचा बैल' म्हणतात. डोळ्यांवर झापडे, गळ्यात जू, दिवसभर चाल चाल चालायचे आणि संध्याकाळी पाहावे तर जागचे हललेलो नाही. हा वाक्प्रचार आपल्या पूर्वजांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, तो बैल त्यांच्या परसात बांधलेला होता. अनुवादातल्या त्या आज्ञेत बैलाचा उल्लेख नाव घेऊन केला आहे: तुझा बैल, तुझे गाढव, तुझी गुरे, तुझे दास-दासी आणि तुझ्या वेशीतला परका, सगळे तुझ्यासारखेच विसावा घेवोत. घाणा बंद म्हणजे बैलाचीही झापडे निघाली. रोज गोल फिरणाऱ्या जनावराला आठवड्यातून एक दिवस सरळ समोरचे झाड दिसत असेल.

ह्या यादीत आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, सगळ्यांची नोंद आहे, पण पत्नीचे नाव वेगळे नाही. 'तू' ह्या एका शब्दात घरधनी आणि घरधनीण दोघेही आले, असा त्याचा सरळ अर्थ. मात्र घराघरांत ह्या 'तू'चा अर्थ फक्त पुरुष असा होत आला की काय, अशी शंका येते. शुक्रवारी पहाटेपासून नारळ खवणे, रस काढणे, मटण शिजवणे, भात, चपात्या, मुलांचे कपडे, पाहुण्यांच्या चादरी, आणि दिवे लावायच्या वेळी ती बाई अशी दमलेली असते की किद्दूशला उभी राहताना भिंतीचा आधार घेते. पुढे शनिवारची सहल ठरली तर डबे कोण भरणार? सबंध कुटुंबाची विश्रांती जर एकाच माणसाच्या कष्टांवर उभी असेल, तर त्या विश्रांतीला शब्बाथ कसे म्हणावे? बैलाला सुटी आणि घरच्या बाईला नाही, हे आज्ञेत बसत नाही. वेळापत्रकात सगळ्यांचे रकाने आहेत. तिचा रकाना रिकामा दिसतो, कारण बाकीचे सगळे रकाने भरण्याचे काम तिचे आहे.

आता शनिवारच्या सहलीविषयी. आपल्यात शब्बाथ काटेकोर पाळणारी घरे आहेत, तशी सकाळी तफिल्ला करून दुपारी गाडी काढणारीही आहेत. निषिद्ध काय आणि अनुज्ञेय काय, हे सांगण्याचा अधिकार रब्बींचा, तो आम्ही घेत नाही. पण शास्त्राच्या एका विचाराकडे लक्ष वेधावेसे वाटते. मिश्नामध्ये निषिद्ध कामांचे एकोणचाळीस प्रकार आहेत आणि परंपरेने त्यांची सांगड रानात निवासमंडप उभारण्याच्या कामांशी घातली आहे. तिथे मोजमाप घामाचे नाही. खाटले एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओढून नेले तर माणूस दमतो, पण ते ह्या प्रकारांत येत नाही. काडी ओढायला दम लागत नाही, पण ते येते. म्हणजे प्रश्न दमण्याचा नसून घडवण्याचा आहे. एक दिवस जगाला हात न लावता, त्यात भर न घालता, ते आहे तसे पुरेसे आहे असे मानायचे. ह्या कसोटीने पाहिले तर दिवसभर लोळत फोनवर पुढच्या आठवड्याच्या वेळा जुळवणारा माणूस विश्रांती घेत नाही. आणि आईचा हात धरून मशिदीपर्यंत सावकाश चालत जाणारा, तिच्या पावलागणिक थांबणारा, विश्रांती घेत असतो.

क्रिकेट हिंदुस्थानातून आलेल्या आपल्याच माणसांनी ह्या देशात जिवंत ठेवले, त्याचा आम्हाला आनंद आहे. मुलाने खेळावे, जरूर खेळावे. परंतु आजीला बसायला यायचे ठरले आणि सामना आला, सामना संपला आणि वाढदिवस आला, असे महिने जातात. आजीची भाषा मराठी, नातवाची हिब्रू. दोघांचे बोलणे दहा शब्दांत संपते. ह्या मुलांसाठी मराठीचाही एक खुग काढावा, अशी सूचना अधूनमधून होते. कल्पना वाईट नाही. पण आपल्यापैकी कुणी मराठी वर्गात शिकले? पोहे भिजत घालताना, मलिद्यासाठी नारळ खवताना, कोथिंबीर निवडताना, कानावर पडली आणि राहिली. एलियाहू हन्नाबीच्या गोष्टी, कोण कुणाचा मावसभाऊ, कुठल्या गावावरून कुठले 'कर' आडनाव आले, हे सर्व रिकाम्या वेळात मिळालेले धन आहे. ते रिकाम्या वेळाशिवाय मिळतच नाही. आपण मुलांना पुष्कळ काही देत आहोत, पण जे फक्त आपल्याजवळच आहे आणि बाजारात कुठल्याच फीला मिळणार नाही, ते देण्याचा वेळ त्यातून वजा होत आहे. आजी वाट पाहील, पण किती वर्षे?

"मुलांना मोकळे सोडले तर ती कंटाळतात," असे आई-वडील म्हणतात. कंटाळू द्यावे. कंटाळलेले मूल थोड्या वेळाने आजीच्या खोलीत डोकावते आणि त्या जुन्या पेटीत काय आहे म्हणून विचारते.

तर करावे काय? खुग बंद करा, सहली सोडा, असे सांगणारा लेख लिहायचा आमचा हेतू नाही. तीन लहान गोष्टी मात्र प्रत्येक घराला जमण्यासारख्या आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ कागदावर कोरी ठेवावी आणि कितीही चांगले निमित्त आले तरी ती कुणाला देऊ नये. शुक्रवारचे काम घरातल्या सगळ्या हातांत वाटावे. ज्या मुलाला ज्यूडोत माणूस उचलता येतो त्याला नारळ फोडता येतो. आणि नवी कोणतीही गोष्ट आठवड्यात घालण्यापूर्वी विचारावे: ही आली तर कोण जाईल? काही जाणार नाही असे वाटले, तर पुन्हा विचारावे, कारण कुणीतरी जातेच.

हिब्रूत वारांना नावे नाहीत. पहिला, दुसरा, तिसरा असे नुसते आकडे आहेत आणि नाव एकट्या सातव्याला आहे. सहाही दिवस मोजायचे ते त्याच्याकडे पाहून. आपल्या पूर्वजांना हा हिशेब कुठल्या पुस्तकातून मिळाला नव्हता, पुस्तके तर हरवलीच होती. तरी घाणा बंद कधी करायचा एवढे त्यांनी लक्षात ठेवले, आणि तेवढ्यावर आपण इथवर पोहोचलो. आपल्याकडे आता पुस्तके आहेत, रब्बी आहेत, सुट्टीचा कायदा आहे. घाणा थांबवायचे काम तेवढे आपल्या हातात आहे.

शब्बाथ शालोम.