वाखाची गोफण

ज्वारी चिकात आली की पाखरं येतात, आणि पाखरं आली की गोफण लागते. रानाच्या मधोमध चार मेढी रोवून माळा बांधायचा, दिवस उगवायच्या आधी त्यावर चढायचं आणि ऊन तापेपर्यंत ओरडत राहायचं. दुपार कलली की पुन्हा तेच. मालदांडीचं कणीस चिकात असतं ते दिवस फार नसतात, पण त्या दिवसांत राखण चुकली तर कणसं नुसती भुंडी उरतात. आमच्या काळ्या रानात हाताला खडा लागत नाही, म्हणून मातीचे गोळे करून वाळवून ठेवायचे. गोळ्यांचं काम पोरांकडं. गोफण कुठून आणायची, हा मात्र मोठ्या माणसांचा विषय होता.

दोन वाटा होत्या. एक तर आपली आपण वळायची, नाहीतर मातंग वस्तीतून करून आणायची. आता तिसरीही झाली. बाजारात नायलॉनची तयार मिळते, निळी नाहीतर पिवळी. हा प्रश्न एवढासा दिसतो, पण मी चाळीस वर्षं त्याच्याभोवती फिरतोय, आणि त्यात बरंच काही गुंतलेलं आहे असं माझं मत झालंय.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण न करताच बोलणारे पुष्कळ असतात. अंबाडी तुरीच्या कडेनं लावायची. कोवळी असताना तिची भाजी, जून झाली की काठ्या कापून पेंढ्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. दहा-बारा दिवसांनी जो वास सुटतो तो ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. साल काठीपासून सुटायला लागली की ओढून काढायची, आपटून धुवायची, वाळवायची. तेव्हा कुठं पांढरा वाख हाताला लागतो. मग मांडीवर पीळ देत पेड करायचे. मांडीची कातडी सोलवटते. गोफणीच्या मधोमध गोळा बसायला वाटी विणायची, दोन्हीकडं दोर. एका दोराच्या टोकाला बोटात अडकवायला फास, दुसरं टोक मुठीत धरून ऐन वेळी सोडायचं. त्या सुटणाऱ्या टोकाला वाखाचा झुपका ठेवला की चाबकासारखा फटका वाजतो. पाखरं निम्मी त्या आवाजानंच उठतात.

वडिलांनी मला हे सगळं शिकवलं. ते म्हणायचे, "आपल्या हातची गोष्ट तुटली तर आपल्याला सांधता येते." यात खोटं काही नाही. माझी गोफण चांगली चालायची. पण वस्तीतला म्हातारा जी करायचा तिची सर वेगळी. तो हात लांब करायला लावायचा, खांद्यापासून मुठीपर्यंत दोरीनं माप घ्यायचा, डावखुरा का उजवा ते विचारायचा. त्याच्या गोफणीतून गोळा सुटला की आपण बघू तिथंच जायचा. माझ्यासारखा माणूस वर्षात एक गोफण वळतो, तो जन्मभर दोरच वळत होता. फरक पडणारच.

मग माणसानं काय करावं? आमच्या गावात, आणि पुस्तकांतसुद्धा, स्वतःच्या हातानं करण्याचा फार मोठेपणा सांगतात. मला त्या मोठेपणात एक भोक दिसतं. माझी गोफण माझी, हे खरं. पण अंबाडी कुणाच्या रानात उगवली? माझ्या. वाख भिजवायला सवड कुणाला होती? घरात दाणे होते म्हणून मला. ज्याच्याकडं बांधसुद्धा नाही त्यानं स्वावलंबी कशाच्या जिवावर व्हायचं? आणि मी माझा दोर, माझी वेसण, माझा कासरा सगळं घरीच करायला लागलो तर त्या म्हाताऱ्याच्या ताटातला एक घास कमी होतो. त्याला स्वावलंबन म्हणायचं का कंजुषी, हे माणसानं आपल्या मनाशी ठरवावं.

एकदा शेतकऱ्यांच्या मेळाव्याला नंदुरबारला गेलो होतो. तिथं सातपुड्यातल्या एका भिल्ल शेतकऱ्यानं आपलं धनुष्य दाखवलं. कामठी बांबूची आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची. बाण त्यानंच केलेले. मी म्हटलं, "म्हणजे सगळं घरचंच की." तो हसला आणि बाणाच्या टोकावर बोट ठेवून म्हणाला, "हे लोहाराचं." मला ते फार आवडलं. सगळं स्वतः करणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनी बलुत्याची पद्धत चांगली होती. तसं मी म्हणणार नाही. पोळ्याच्या आधी मातंगाच्या घरून नवे दोर यायचे, नव्या वेसणी यायच्या. त्या बैलाच्या नाकात जायच्या, त्याच बैलाची पूजा व्हायची, आणि दोर देणारा दाराबाहेर उभा असायचा. गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्याला अरे-तुरे करायची. मोबदला म्हणजे सुगीत खळ्यावर घातलेले पसे. किती, ते देणारा ठरवायचा. एवढ्या कष्टाची किंमत सांगायचा हक्कसुद्धा करणाऱ्याला नव्हता. 1972 च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. खळीच लागली नाहीत. ज्याचं पोट दुसऱ्याच्या खळ्यावर, त्याला दुष्काळ सगळ्यात आधी गाठतो.

म्हणून म्हाताऱ्याच्या पोरानं हा धंदा सोडला आणि शहर धरलं, तेव्हा गावातले लोक "कला बुडाली" म्हणून हळहळले, त्यात मी नव्हतो. हळहळणाऱ्यांपैकी कुणी कधी दुसऱ्याच्या खळ्यावर पदर पसरून उभं राहिलेलं नव्हतं. शहरात त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो आणि लोक त्याला अहो-जाहो करतात. बाजाराला मी एरवी शिव्या घालतो, माझ्या मालाला भाव देत नाही म्हणून. पण रोख पैशानं काही माणसांची मान सरळ केली, हे कबूल केलं पाहिजे.

नायलॉनचं मात्र माझं जमलं नाही. गोफणीला एक वेळ चालेल, हातात घसरते एवढंच. पण नायलॉनची वेसण बैलाचं नाक कापते. घाम, ओल आणि घासणं, आठ दिवसांत जखम. वाख हा ओलावा पितो, मऊ पडतो. स्वस्तात घेतलेल्या वस्तूची किंमत कधी कधी मुक्या जनावराच्या नाकातून जाते, आणि आपल्या हिशेबात ती येत नाही.

गांधीजींनी सगळ्यांना सूत कातायला सांगितलं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच गांधीजींनी 1935 साली चरखा संघात आग्रह धरला, की कातणाऱ्या बाईला पोट भरेल अशी मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महाग झाली तरी चालेल. हे फारसं कुणी सांगत नाही. मला या दोन गोष्टी एकाच दोराचे दोन पेड वाटतात. हातानं करायचं, ते विकत घेणं बंद करण्यासाठी नव्हे. करून बघितलं की दुसऱ्याच्या घामाचा अंदाज येतो, आणि मग भाव करताना जीभ अडखळते. ज्याची मांडी एकदा सोलवटली तो वेसणीसाठी दहा रुपयांची घासाघीस करत नाही.

आमच्यापासून दोन गावं सोडून एक म्हातारी अजून वाख वळते. गेल्या पोळ्याला मी तिच्याकडून चार वेसणी आणि एक कासरा आणला. तिनं सांगितला तो भाव दिला. मुलगा म्हणाला, "अण्णा, एवढ्यात नायलॉनचा गठ्ठा आला असता." मी त्याला उरलेला मूठभर वाख दिला आणि म्हटलं, एक वीत वळून दाखव. त्यानं अर्धा तास झटापट केली, मग फोन आला म्हणून उठून गेला. त्याचं मत बदललं का, मी विचारलं नाही. बैलाचं नाक बरं आहे, एवढं त्याला दिसतंय.

गोफण मात्र ती म्हातारी करत नाही. म्हणाली, "राखण करतंय कोण आता? घेणार कोण?" तेही खरंच. माझा शेजारी ज्वारीत चमकणाऱ्या पट्ट्या बांधतो. चार दिवस पाखरं भितात, पाचव्या दिवशी पट्टीच्या दोरीवरच रांगेनं बसतात. त्यामुळं माझी गोफण मीच वळतो. हात पहिल्यासारखा पीळ देत नाही, वाटी जरा तिरकी होते, पण फटका अजून वाजतो.

म्हातारीला वाख मिळत नाही, ही तिची खरी अडचण आहे. अंबाडी आता कुणी लावत नाही. यंदा तुरीच्या कडेनं मी चार ओळी टाकल्यात. तीन तिच्या, एक माझी. भिजवायला मात्र तिनं माझ्या ओढ्यावर यायचं, आणि वाखाचे पैसे वेसणीत वळते करायचे, असं ठरलंय. भाव तिनं सांगायचा.