कुणाला लागलं नाही, म्हणून?

रिमोटवर उडणारं विमान वावरात कोसळलं की तिकडे धावणाऱ्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "कुणाला लागलं तर नाही ना?" नाही म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मोडलेला पंख, वाकलेली चाकं गोळा होतात, कुणीतरी "होतं असं कधी कधी" म्हणतं आणि विषय मिटतो. शेजारच्या तुकड्यात तुरीच्या तासांमध्ये बाया वाकून काम करत होत्या, पडण्याआधी विमान त्यांच्याच डोक्यावरून गेलं होतं, हे कुणी बोलत नाही. कुणाला लागलं नाही, म्हणजे चूकही झाली नाही, असा हा हिशेब. तो बरोबर आहे का?

प्रश्न मॉडेल विमानांहून कितीतरी जुना आहे. त्याचं सगळ्यांत कडक उत्तर ज्या जैन परंपरेनं दिलं, तिची दोन मोठी स्थानं वाशीम जिल्ह्यातच आहेत.

मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचं तीर्थ. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे, आणि दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही ती वंदनीय आहे. दुसरं स्थान कारंजा. दत्तभक्तांना हे गाव नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून माहीत असतं. पण इथेच भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, गाद्या नांदल्या आणि हस्तलिखितांची भांडारं पिढ्यान् पिढ्या जपली गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या हिरालाल जैनांनी कारंज्याच्या अपभ्रंश पोथ्या अभ्यासकांपुढे आणल्या. त्यांनी संपादित केलेला 'सावयधम्मदोहा' कारंजा जैन ग्रंथमालेत १९३२ साली निघाला. हा ग्रंथ मुनींसाठी नाही. चूल, शेत, दुकान सांभाळणाऱ्या श्रावकानं कसं वागावं, हा त्याचा विषय. म्हणजे हातात वस्तू, अवजारं, यंत्रं असलेल्या माणसाचा विचार या परंपरेनं फार पूर्वीपासून केला आहे.

त्या विचाराचा गाभा असा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या येते, आणि तिच्यात प्राण जाण्याच्या आधी प्रमाद येतो: बेसावध मन, बेपर्वा हात. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. समोरचा जीव वाचला तरी बेफिकिरीनं वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच, असं ते म्हणतात. आणि पुरेपूर जपून वागणाऱ्याच्या हातून जीव गेला, तर केवळ तेवढ्यानं त्याला कर्मबंध होत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हाच धागा विस्तारानं मांडला. विमान कुठे पडलं, हे इथे जवळजवळ गौण आहे. ते उडवण्यापूर्वी हात काय करत होते, हा मुद्दा आहे.

कायदा मात्र परिणाम मोजतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५नुसार, निष्काळजी कृतीनं दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणली आणि कुणाला काही झालं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत, जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. माणूस दगावला तर कलम १०६ लागतं आणि कैद पाच वर्षांपर्यंत जाते. हात तोच, ढिला राहिलेला स्क्रूही तोच. खाली कोण उभं होतं एवढाच फरक. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये याच कोड्यावर वाद घातला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात 'नैतिक नशीब' या नावानं ते रुजलं. दोघे सारखेच गाफील असताना एक दोषी ठरतो आणि दुसरा हसत घरी जातो, हे कसं? कुंदकुंदांपुढे हे कोडं उभंच राहत नाही. त्यांच्या लेखी दोघेही सारखेच दोषी, आणि तेही विमान जमिनीवर असतानाच.

हे खरं मानलं, तर नीतीची जागा बदलते. ती अपघातस्थळी नसते, धुऱ्यावर पसरलेल्या ताडपत्रीवर असते, जिथे विमान जोडलं जातं.

तिथे काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. नवशिक्यांचं दीड किलोच्या आतबाहेरचं विजेवरचं विमान घेऊ. त्याचा दहा इंची पंखा मिनिटाला आठ हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून पात्यांच्या कडेवरून नख फिरवून बघायचं. बारीकशी चीर लागली तरी पंखा टाकून द्यायचा, गोंद लावून पुन्हा चढवायचा नाही. मग तोल. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी धरली, तर तिच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर दोन्ही बाजूंनी बोटं टेकवून विमान उचलायचं. ते सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेलं राहिलं पाहिजे. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उतरवता येतं. शेपूट जड झालं, तर हात लावायच्या आत ते उलथतं. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो बघावाच. बॅटरी जागेवरून सरकली की तोलही सरकतो, म्हणून तिचा पट्टा ओढून पाहायचा. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर या विमान वळवणाऱ्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या, त्या हलवणाऱ्या सर्वो मोटरांच्या दांड्या, त्यांचे बारीक स्क्रू, सगळं बोटानं हलवून बघायचं. नुसती नजर पुरत नाही.

आधी ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल शून्यावर, मगच विमानाची बॅटरी जोडायची. उतरल्यावर बरोबर उलटा क्रम. बॅटरी जोडल्या क्षणापासून पंखा फिरणारच आहे असं समजून हात आणि चेहरा त्याच्या मागे ठेवायचा. मग विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे करायची: उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, डावा खाली. दुरुस्तीनंतर दांड्या उलटसुलट जोडल्या जातात आणि हे बघायचं राहून गेलं, तर उजवीकडे वळवलेलं विमान डावीकडे कोसळतं. मग ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून तीसेक पावलं लांब जायचं आणि सिग्नल पोचतो का ते पाहायचं.

यातली एक कृती तर खास थांबून बघावी अशी आहे. पंखा काढून ठेवायचा, विमान घट्ट धरायचं, मोटर थोडी चालवायची आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर आपोआप थांबली पाहिजे. याला फेलसेफ म्हणतात. संपर्क तुटला तर विमानानं काय करावं, हे संपर्क असतानाच ठरवून रिसीव्हरला शिकवून ठेवायचं असतं. सूत्रं सुटल्यावर पश्चात्ताप करता येतो, निर्णय घेता येत नाही. अनेक जण ही चाचणी करत नाहीत, कारण तिची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. प्रमाद म्हणतात तो इथेच असतो. त्यात दुष्टपणा नावालाही नसतो.

जैन मुनींच्या आचारात पाच समित्या आहेत. चालताना चार हात पुढची जमीन बघत चालणं ही ईर्यासमिती. वस्तू उचलताना-ठेवताना पाहून, झाडून उचलणं-ठेवणं ही आदाननिक्षेपण समिती. दिगंबर मुनींच्या हातातली मोरपिसांची पिंछी त्याचसाठी असते. श्रावकाकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा नसते, पण दिशा तीच. विमान उडवणाऱ्याची मात्र एक खास अडचण आहे: त्याचे डोळे आकाशात अडकलेले असतात. आपल्या पायाशी आलेलं पोर, धावपट्टीवर शिरलेली म्हैस त्याला दिसूच शकत नाही. म्हणून शेजारी एक जण फक्त जमीन बघायला हवा. त्यानं "थांब" म्हटलं की वाद न घालता थांबायचं. आपली ईर्यासमिती दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायची, तर त्याच्या शब्दाला मान द्यायलाच हवा.

वाशीममध्ये हे अधिकच लागू पडतं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की रान मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेण्याची पद्धत इथे सर्रास आहे. सोयाबीन कापलं तरी तूर उभी राहते, ती डोक्याइतकी वाढते आणि तिच्या आडचा माणूस दिसत नाही. कापलेल्या रानात गुरं चरायला सुटतात. ओलितासाठी विजेच्या तारा शेताशेतांतून गेलेल्या, आणि लांबून विमान तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे डोळ्यांना कळत नाही. सूर्य पाठीशी राहील अशी जागा, वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण, माणसं नाहीत अशाच बाजूला फेऱ्या, एवढं सगळं जुळलं तरच ती जागा विमानाची. कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य तर या खेळासाठी वर्ज्यच समजावं. २०२१च्या ड्रोन नियमांत करमणुकीसाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांची वेगळी व्याख्या आहे, आणि हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारण मर्यादा ४०० फुटांची. उडवण्यापूर्वी सरकारी नकाशावर आपली जागा कुठल्या क्षेत्रात येते ते पाहणं, हाही तयारीचाच भाग आहे.

मॉडेल विमानांच्या जुन्या काळच्या रेडिओ सेटांनी एक विलक्षण धडा दिला होता. तेव्हा प्रत्येक सेटचा चॅनल ठरलेला असे. एकाचं विमान हवेत असताना त्याच चॅनलवर दुसऱ्यानं नुसता ट्रान्समीटर चालू केला, तरी पहिल्याचं विमान कोसळे. म्हणून मैदानावर एक फळी असे आणि त्या चॅनलची खूण हातात असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा दंडक. आता २.४ गिगाहर्ट्झच्या सेटमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी बांधलेली असते, त्यामुळे फळीची गरज संपली. पण विमान न उडवताही, दूर उभं राहून, नकळत दुसऱ्याचं नुकसान करता येतं, हे त्या फळीनं किती साधेपणानं शिकवलं होतं!

इथे श्रावकाचारातला एक आक्षेप समोर येतो आणि तो टाळता येणार नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत एक अनर्थदंडविरमण: विनाकारण होणारी हिंसा टाळणं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडश्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले, त्यांतल्या प्रमादचर्येत माती, पाणी, अग्नी यांच्याबरोबर हवाही उगाच ढवळण्याचा उल्लेख आहे. मग हवा ढवळणारा हा पंखा, तोही निव्वळ मौजेसाठी, कशाच्या जोरावर फिरवायचा?

सरळ उत्तर असं, की मौजेला शेतीइतकी सूट मिळत नाही. नांगराखाली जीव मरतात, पण पोट त्यावर चालतं. परंपरा त्याला उद्योगी हिंसा म्हणते आणि गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, हे मान्य करते. तुरीवर फवारणी करणाऱ्या ड्रोनला पिकावरून जाण्याचं कारण असतं. खेळण्याच्या विमानाला मजुरांच्या डोक्यावरून जाण्याचं कुठलंही कारण नसतं. तेव्हा हा नुसता खेळ आहे, ही सबब सावधपणा कमी करण्यासाठी वापरता येणार नाही. खेळ आहे म्हणूनच इथे जास्त जपायला हवं. खेळ सोडावा असं यातून निघत नाही. हवेचा स्वभाव, तोल, यंत्राची शिस्त आणि डोळ्यांचा सराव शिकवणारा हा छंद निरर्थक नाही. पण शंका आली त्या दिवशी विमान पेटीतच राहायला हवं.

दुसरी बाजू अधिक अवघड आहे. सगळं तपासलं, माणूस उभा केला, तरी सर्वो हवेत जळाला आणि कुणी जखमी झालं तर? कुंदकुंदांचं म्हणणं त्या उडवणाऱ्याला दिलासा देतं. पण जखमी माणसासमोर उभं राहून "माझ्याकडून प्रमाद झाला नव्हता" म्हणणं माणुसकीला शोभत नाही. २०१३च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रिमोटच्या हेलिकॉप्टरचं पातं लागून ते उडवणारा १९ वर्षांचा तरुण गेला. अशा घरात दोषाचा हिशेब कुणाच्या कामाचा? जैन आचारात याचीही सोय आहे. प्रतिक्रमणात नकळत घडलेल्या हिंसेबद्दलही माघारी वळून क्षमा मागितली जाते. कर्मबंध नाही म्हणून जबाबदारी संपली, असं तिथे कुणी म्हणत नाही. दवाखान्यात सोबत जाणं, खर्च उचलणं, काय बिघडलं ते न लपवता सांगणं आणि त्याची नोंद इतरांपुढे ठेवणं हे निरपराध माणसाचंही काम आहे.

समंतभद्रांनी सांगितलेला आणखी एक प्रकार म्हणजे हिंसादान: कुऱ्हाड, तलवार, विस्तव अशा वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. कारंज्यात १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम काढणारे देवचंदजी पुढे समंतभद्र महाराज याच नावानं ओळखले गेले. मुलांच्या हाती काय द्यावं आणि कसं, हाच त्यांचा जन्मभराचा व्यवसाय होता. वाढदिवसाला आणलेलं विमान पोराच्या हाती देऊन गच्चीवर पाठवणारे आईबाप हिंसादानच करतात, भले ते कौतुकापोटी असो. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवतात. विदर्भात त्याचं पथक नागपूरला आहे. रेडिओचं विमान शिकवण्याची सर्वांत चांगली रीत दोन ट्रान्समीटर जोडण्याची. शिष्याच्या हाती स्टिक, गुरूच्या बोटाखाली एक बटण. ते दाबलेलं असेतो विमान शिष्याचं. तो गडबडला की गुरू बोट उचलतो आणि विमान त्याच्याकडे येतं. जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेला हा छंद सुरू करायचा असेल, तर पहिली खरेदी अशा जोडणीच्या दोन ट्रान्समीटरची करावी, आणि विमान सगळ्यांत शेवटी घ्यावं.