पहिला वरण-भात



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६.

हा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतो. पान, फूल, फळ, पाणी, जे कुणी भक्तीने देईल ते मी स्वीकारतो, असं भगवंत सांगतात. मूळ संस्कृतात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एवढ्याशा श्लोकात भक्ती हा शब्द दोनदा येतो. आणि भगवंत नुसतं 'घेतो' म्हणत नाहीत, 'खातो' म्हणतात. पान आणि फूलसुद्धा!

आता एक घर डोळ्यासमोर आणा. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, पण स्वयंपाक रोज तीच बघते. आज ऑफिसात रिलीज आहे, तिला यायला रात्रीचे दहा वाजणार. ज्याने आजवर चहा आणि मॅगीपलीकडे काही केलं नाही, तो ठरवतो, आज वरण-भात मी करणार. यूट्यूब लावतो. तूरडाळ धुवून भिजत घालतो, हळद-हिंग टाकतो, तांदळाला दुप्पट पाणी मोजतो, कुकरच्या शिट्ट्या मोजतो. आणि मनात धाकधूक. आवडेल ना तिला? त्यापेक्षा बाहेरून मागवलं असतं तर?

ही धाकधूक सुदाम्याला माहीत होती. भागवताच्या दहाव्या स्कंधात ती गोष्ट आहे. बायकोने मागून आणलेले चार मुठी पोहे, फडक्यात बांधलेले. द्वारकेचं वैभव बघून ते पुढे करायची त्याला लाज वाटली. कृष्णाने ते स्वतःच ओढून घेतले आणि मूठभर तोंडात टाकले. ना फोडणी, ना ओलं खोबरं. कोरडे पोहे!

पण म्हणून 'भाव महत्त्वाचा, डाळ कच्ची राहिली तरी चालेल' असं नाही हं. याच श्लोकात देणाऱ्याला 'प्रयतात्मा' म्हटलंय, म्हणजे ज्याचं मन शुद्ध आणि ताब्यात आहे असा. आणि सतराव्या अध्यायात तामस आहाराचं वर्णन येतं, त्यातल्या पहिल्याच शब्दाचा अर्थ शंकराचार्य 'अर्धवट शिजलेलं' असा करतात. तेव्हा मन लावून करणं हासुद्धा भक्तीचाच भाग. डाळ बोटांनी दाबून बघा. मीठ चाखून बघा. तेवढा वेळ इन्स्टाग्राम बंद.

खरी परीक्षा पुढेच आहे. ताट वाढलं की आपण समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतो. 'कसं झालंय?' पहिल्या घासालाच फीडबॅक हवा! इथे देणं संपतं आणि सौदा सुरू होतो. आपल्याकडे देवाचा नैवेद्य आधी चाखत नाहीत. मीठ बरोबर पडलंय का, हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ताटाभोवती पाणी फिरवायचं, हात जोडायचे आणि सोडून द्यायचं. ते सोडून देणं म्हणजेच अर्पण.

आता जरा बोचणारा प्रश्न. जी रोज करते, तिला 'छान झालंय' असं आपण शेवटचं कधी म्हणालो? एका रात्रीच्या वरण-भाताला कौतुक हवं, आणि वर्षभराच्या पोळी-भाजीला नुसती मान खाली घालून मोबाइल? या श्लोकात भगवंत कुठे बसलेत बघा. ते खाणाऱ्याच्या जागी आहेत. वस्तू किती मोठी, हे न बघता देणाऱ्याचं मन बघून ते आवडीने खातात. म्हणजे हा श्लोक द्यायला शिकवतो, तेवढाच घ्यायलाही शिकवतो.

आजचा अभ्यास : घरातल्या एका माणसासाठी एक साधा पदार्थ करा. बायको, नवरा, आई, रूममेट, कुणीही चालेल. वर तुपाची धार आणि लिंबाची फोड. वाढा, आणि 'कसं झालंय' विचारू नका. नंतर ओटा पुसा, कुकरही घासून ठेवा. आणि उद्या दुसऱ्या कुणी वाढलेल्या ताटातला पहिला घास त्या माणसाची आठवण ठेवून खा.

उद्या श्लोक २७. जय हरी विठ्ठल!