उत्सर्ग आणि अधिकार

धर्मशास्त्राने दान आणि उत्सर्ग यांत भेद केला आहे. दानात दात्याचे स्वत्व, म्हणजे वस्तूवरील मालकी, संपून विशिष्ट ग्रहीत्याकडे जाते. उत्सर्गात विहीर, तळे किंवा बाग सर्व प्राणिमात्रांसाठी सोडली जाते, आणि त्या तळ्याचे पाणी दाताही पिऊ शकतो, मात्र मालक म्हणून नव्हे, तर सर्वांपैकी एक म्हणून. अशा लोकोपयोगी कामांना ‘पूर्त’ म्हणतात. संपत्ती सोडली तरी तिच्या बळावर मिळालेला अधिकार सुटतो का, हा प्रश्न मुंबईतील गिरगावच्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांच्या चरित्रात ठळकपणे उभा राहतो.

नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे मंदिर नानांच्या वडिलांनी १८०६ मध्ये बांधले. स्वतः धर्मनिष्ठ असलेल्या नानांनी पूर्ताची ही कल्पना देवळापलीकडे नेली. ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’च्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा सनातन्यांचा रोष ओढवेल हे ठाऊक असूनही त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात शाळेला जागा दिली. शिकवणारे ते तरुण होते, शिकणाऱ्या दुसऱ्यांच्या लेकी होत्या. उत्सर्गाची कसोटी इथे जवळजवळ पूर्ण उतरते, आणि ही त्यांची सर्वांत मोठी देणगी मानावी लागेल.

राजकारणात ती कसोटी तितकी सहज लागू पडत नाही. १८६२ मध्ये नाना मुंबईच्या कायदेमंडळात गेले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. ज्यांच्या वतीने ते बोलणार होते, त्या रयतेने त्यांना निवडले नव्हते. पण निवडणूक असती तरी प्रश्न सुटला असता असे नाही. त्याच काळात ब्रिटनमधील वेल्समध्ये निवडणूक होती, पण मतदान उघड होते, आणि १८६८ मध्ये जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिलेल्या काही कुळांना शेतीवरून हुसकावण्यात आले. गुप्त मतदान तेथे १८७२ मध्ये आले. म्हणजे केवळ निवडणुकीने धनिकाचा अधिकार नैतिक ठरत नाही, आणि नियुक्तीमुळे तो आपोआप अनैतिकही ठरत नाही. तो कोणासाठी वापरला, हे पाहावेच लागते. कायदेमंडळात जाण्यापूर्वी शिक्षण मंडळात, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये, अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत असताना नानांनी फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा यांच्यासह देशी भाषांतून शिक्षण देण्याची बाजू लावून धरली. ज्यांच्या घरी इंग्रजी पोहोचणारच नव्हती, त्यांच्यासाठी ही बाजू मांडली गेली. तरीही त्या मंडळात या लोकांचा स्वतःचा आवाज नव्हता, आणि नानांच्या औदार्याने ही उणीव भरून निघाली असे म्हणता येत नाही.