प्रेमाने म्हणतो हो!

एका व्हिडिओत 'भैय्या' म्हणणाऱ्या काकूंनी अखेर माफी मागितली. तीही जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकून. (इतका कोडगा नमस्कार दुसरा नाही, असो.) माफीत म्हटलंय, 'भैय्या' आम्ही प्रेमाने म्हणतो.

हे प्रेम मोठं विलक्षण. ते फक्त हातगाडी, रिक्षा, दुधाची किटली आणि इस्त्रीचं टेबल एवढ्यांवरच जडतं. त्याच उत्तरेकडच्या मुलखातला माणूस जिल्हाधिकारी होऊन आला की प्रेम आटतं आणि 'साहेब, साहेब' सुरू होतं. बँकेचा मॅनेजर गोरखपूरचा असला आणि कर्जाची फाइल त्याच्या टेबलावर असली, तर त्याच्यावर प्रेम करायची कुणाची छाती होत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला जौनपूरचा. गाडीवर टोमॅटोच्या ढिगाला टेकून क्यूआर कोडची पाटी उभी, तिच्यावर त्याचं नाव छापलेलं. पैसे पाठवताना तेच नाव आपल्या मोबाइलवर आडनावासकट उमटतं. तरी हाक तीच: 'ए भैय्या, थोडी कोथिंबीर डालो ना!' तो चांगल्या मराठीत म्हणतो, 'ताई, आज महाग आहे,' आणि ताई पुन्हा आपल्या अगाध हिंदीत शिरतात. मराठी बोलणाऱ्याशी हट्टाने हिंदी बोलणारे आणि फुकट कोथिंबीर मागणारे यांच्याविषयी या सदरात पूर्वी पुरेसं लिहून झालंय. दोन्ही गुण एकाच ठिकाणी आढळले की मात्र राहवत नाही.

'पण तोही हसतो की!' हसेल नाही तर काय करेल? भेंडी संध्याकाळपर्यंत विकायचीय त्याला.

बाकीच्या सबबी नेहमीच्याच. दिल्लीत सगळेच म्हणतात, खरं आहे. पण तिथे दुकानदारही गिऱ्हाइकाला म्हणतो.

दिल्लीचा दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या माणसाला 'चिंकी' म्हणून हिणवलं तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांवरून लाजपतनगरात टिंगल झाली, टिंगलीची मारहाण झाली आणि पोरगा गेला. बेझबरुआ समिती बसली, तिचा अहवाल आला, निवेदनं आली, जोडलेले हात आले. मोमोच्या गाडीवर हाक अजून तीच.

शब्द ज्याच्यावर पडतो, तो लागतो की नाही हे त्यानेच सांगावं. इतका साधा नियम आहे. 'घाटी'चंच घ्या. कोकणातल्याने सह्याद्रीपलीकडच्याला घाटी म्हणायचं, ही मुंबईच्या चाळींतली जुनी रीत. पुढे शहरातली इंग्रजाळलेली पोरं सरसकट मराठी माणसालाच घाटी म्हणू लागली. आता साताऱ्याचा आमचा पुतण्या छातीवर 'घाटी' लिहिलेला टी-शर्ट घालून हिंडतो. हिंडू दे. शब्द त्याचा, छाती त्याची. कोपऱ्यावरचा तो भाजीवालाही शेजारच्या फळवाल्याला 'का हो भैया' म्हणतो, त्यात आपण नाक खुपसायचं कारण नाही. पण पुतण्याचा मालवणी सासरा त्याला भर पंगतीत 'आमचो घाटी' म्हणतो, तेव्हा नियम काय सांगतो? कोण जाणे. पुतण्या निमूट सोलकढी पितो. सासऱ्या-जावयांच्या भानगडीत हे सदर पडत नाही.

गोव्यातही घाटापलीकडून आलेला तो घाटीच. मग तो कोल्हापूरचा असो की बेळगावचा. सोसायटीतल्या प्रत्येक दूधवाल्यावर 'प्रेम' करणारे आमचे एक स्नेही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याच्या केळ्यांवरून घासाघीस करताना हा शब्द ऐकून आले. अस्मिता, अपमान, पोलिसांत तक्रार, सगळं बोलून झालं. 'अहो, प्रेमानेच म्हटलं असेल,' मी म्हणालो, तर माझ्यावरच उखडले.